स्पंजात फ्लोरिन कुठून आला?

अनंत चतुर्दशीला एनएमआरचं मशीन मोकळं मिळतं. रेणूतला प्रत्येक कार्बन, हायड्रोजन कुठे बसलाय ते रेषांनी दाखवणारं मशीन. एरवी ५०० मेगाहर्ट्‌झच्या स्लॉटसाठी आमच्याकडे आठवडाभर आधी वहीत नाव घालावं लागतं, आणि तरीही ऐन वेळी कुणाचे तरी सर फोन करून आपल्या मुलाचं सॅम्पल पुढे सरकवतात. त्या दिवशी अर्धी लॅब लक्ष्मी रोडवर मिरवणुकीत होती, उरलेली गावी गेली होती. मी तेवढी तक्ता भरत बसले होते. सरांना तो सोमवारी हवा होता.

तक्ता कसला, तर चुकीचा रेणू पकडल्याचा पुरावा. समुद्रातल्या एका स्पंजातून काढलेलं अल्कलॉइड आम्ही पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये बनवलं होतं. त्याचं नाव इथे देत नाही. पेपर अजून छापून यायचा आहे आणि या गोष्टीत कुणाचीच अब्रू वाढत नाही. २१ कार्बन, एक नायट्रोजन, तीन कडी, पाच स्टिरिओसेंटर, म्हणजे जिथे अणूंची मांडणी उजवी किंवा डावी होऊ शकते अशा जागा. १९ पायऱ्या. पहिल्या पायरीला ४० ग्रॅमने सुरुवात केली होती, शेवटी कुपीच्या तळाशी दिसेल न दिसेल असं ९ मिलिग्रॅम तेल उरलं.

घरी विचारतात, निसर्गात आहे ना, मग बनवायचं कशाला? मी हॅलिकॉन्ड्रिनचं उदाहरण देते. १९८६ साली जपानी रसायनज्ञांनी ६०० किलो स्पंज वाटून त्यातून साडेबारा मिलिग्रॅम हॅलिकॉन्ड्रिन बी काढलं होतं. कर्करोगावर ते चालेल असं दिसत होतं, पण त्यासाठी समुद्र कोण उपसणार? १९९२ मध्ये हार्वर्डला किशींच्या गटानं ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि त्याच वाटेनं पुढे त्या रेणूचा निम्मा भाग घेऊन केलेलं एरिब्युलिन २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. हे सगळं ऐकून घेतल्यावर मामा म्हणतात, “म्हणजे नैसर्गिकच, साइड इफेक्ट नसेल.” स्पंजाला पळता येत नाही, म्हणून खायला येणाऱ्यापासून वाचायला तो असली विषं बाळगतो, हे त्यांना सांगायचं मी आता सोडून दिलंय.

आम्ही बनवलेल्याचा एनएमआर मूळ पेपरशी, म्हणजे स्पंजातून तो रेणू काढणाऱ्या गटाच्या पेपरशी, जुळत नव्हता. मास, म्हणजे रेणूचं वजन, तंतोतंत जुळत होता. पण नायट्रोजनशेजारच्या कार्बनवरचा एक प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन) आमच्याकडे एनएमआरच्या पट्टीवर २.४१ पीपीएमला, त्यांच्याकडे ३.१८ ला. कार्बनमध्ये सहा-सात ठिकाणी दोन ते चार पीपीएमचा फरक. सर म्हणाले, “मास जुळतोय ना? मग स्टिरिओ त्यांचा चुकलाय.” आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा उजळला. असं पूर्वी झालेलं आहे. डायझोनामाइड ए हा रेणू १९९१ मध्ये सापडला आणि २००१ मध्ये हॅरन यांच्या गटानं छापलेल्या रचनेचा रेणू बनवून दाखवला, तेव्हा कळलं की खरा रेणू वेगळाच आहे. अशा पेपरला भाव असतो. ‘आम्हीही बनवलं’ म्हणण्यापेक्षा ‘तुमचं चुकलं’ म्हणण्यात केव्हाही जास्त मजा, आणि आमच्या क्षेत्रात ती मजा लपवायची रीत नाही.

मग आम्ही एपिमर, म्हणजे एकाच जागची मांडणी उलटवलेले रेणू, बनवायला घेतले. एक, मग दुसरा. अकरा महिने. त्यात पावसाळा. जुलैत पुण्याच्या हवेत ब्युटिललिथियमची बाटली उघडायची म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. आर्गॉन कितीही सोडा, सुईच्या टोकाशी पांढरी साय धरतेच. कोरडा बर्फ संपला की उणे ७८ अंश धरून ठेवायला इथाइल ॲसिटेटमध्ये द्रव नायट्रोजन थोडा थोडा ओतत दोन तास उभं राहायचं. एनएमआरसाठी लागणाऱ्या ड्युटेरेटेड मिथेनॉलची मागणी खरेदी विभागाकडे चार महिने पडून होती, कारण तीन कोटेशनांपैकी एकावर शिक्का नव्हता.

दोन्ही एपिमर जुळले नाहीत. सोळा शक्य मांडण्यांपैकी उरले तेरा, असं सर हसत म्हणाले. मी हसले नाही.

माझ्या शेवटच्या कॉलमबद्दल, म्हणजे सिलिकाच्या भुकटीतून माल शुद्ध करायच्या नळीबद्दल, थोडं सांगायलाच हवं, कारण त्याचा मला अभिमान होता. आमच्या रेणूसारखं नायट्रोजनवालं अमाइन सिलिकावर नीट चालत नाही. ते चिकटतं, मागे लांब शेपूट सोडतं, सगळ्या फ्रॅक्शनमध्ये थोडं थोडं येत राहतं. नवशिके तिथेच अर्धा माल घालवतात. मी सिलिका आधीच ट्रायइथाइलअमाइननं भिजवून घ्यायची, सॉल्व्हंटमध्येही एक टक्का घालायची, आणि ॲनिसाल्डिहाइडमध्ये बुडवून तापवलेल्या प्लेटवर एकच गोल, स्वच्छ ठिपका यायचा. लॅबमधल्या मुलांना तो ठिपका मी मुद्दाम बोलावून दाखवायची.

तर त्या दिवशी मी त्यांच्या पेपरची पुरवणी उघडून कार्बन मोजत होते. पुरवणीतला स्पेक्ट्रम म्हणजे कागद स्कॅन करून चिकटवलेलं धूसर चित्र. ४०० टक्के मोठं केलं. २१ रेषा मोजल्या. आणि ११७.० आणि ११९.३ ला, गवताच्या पात्यासारख्या, आवाजातून (मशीनच्या खरखरीतून) जेमतेम डोकं वर काढलेल्या आणखी दोन. त्यांच्या तक्त्यात या दोन्ही नव्हत्या. मला त्या नव्या नव्हत्या. त्यांच्याच स्पेक्ट्रमच्या माझ्या जुन्या प्रिंटवर त्यांना पेन्सिलीनं गोल केलेला होता आणि बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘कचरा’.

का कोण जाणे, त्या दिवशी मी त्यांच्यातलं अंतर मोजलं. २.३ पीपीएम. ५०० च्या मशीनवर कार्बन १२५ मेगाहर्ट्‌झला चालतो, म्हणजे एक पीपीएम म्हणजे १२५ हर्ट्‌झ. गुणाकार केला तर २९० हर्ट्‌झच्या आसपास.

ज्यानं फ्लोरिनचं काम केलंय त्याला हा आकडा ओळखीचा आहे. एका कार्बनवर तीन फ्लोरिन असले की त्याची एक रेषा चारात फुटते, एकास तीनास तीनास एक अशा उंचीनं, आणि दोन शेजारी रेषांत साधारण २९० हर्ट्‌झ अंतर असतं. माल कमी असेल तर कडेच्या दोन आवाजात बुडतात आणि मधल्या दोन दिसतात. मला दिसत होत्या त्या मधल्या दोन. स्पंज असा फ्लोरिन कुठून आणणार? तो एचपीएलसीतून, म्हणजे माल शुद्ध करायच्या यंत्रातून, आला होता. पेपरमध्ये फक्त ‘ॲसिटोनायट्राइल-पाणी’ लिहिलं होतं. त्याच गटाचा सहा वर्षं जुना पेपर काढला, तर त्यात ‘आमच्या नेहमीच्या पद्धतीनं’ असं म्हणून पाण्यात ०.१ टक्का ट्रायफ्लोरोॲसेटिक आम्ल घातलेलं. म्हणजे त्यांच्या हातात होता तो त्या आम्लाशी जोडलेला क्षार होता आणि छापला होता मोकळा, आम्लाशिवायचा अमाइन. माझा तो सुंदर कॉलम मात्र शंभर टक्के मोकळा अमाइनच देत होता. मासला यातलं काही कळत नाही. नायट्रोजनवर एक प्रोटॉन चढवूनच तो मोजतो, त्यामुळे दोघांचा आकडा एकच. निगेटिव्ह मोडमध्ये पाहिलं असतं तर ११३ ला आम्ल सापडलं असतं. त्यांनी पाहिलं नाही. आमच्याकडे त्यांचा नमुना नव्हता.

२.८ मिलिग्रॅम घेतलं. थेंबभर आम्ल थेट टाकणं हा अडाणीपणा झाला असता. एवढ्या मालाला पुरा एक मायक्रोलिटरसुद्धा लागत नाही. १० मायक्रोलिटर आम्ल १ मिलिलिटर ड्युटेरेटेड मिथेनॉलमध्ये मिसळलं, म्हणजे त्यातले ६७ मायक्रोलिटर बरोबर एक समतुल्य, आमच्या एका रेणूमागे आम्लाचा एक. आधी निम्मंच टाकलं. २.४१ चा प्रोटॉन २.८ वर आला. अर्ध्या वाटेवर. बाहेर कुठल्याशा सोसायटीचा ढोल वाजत होता. उरलेलं टाकलं: ३.१८.

कार्बन रात्रभर लावला. सकाळी २१ च्या २१ जुळले, सगळ्यात मोठा फरक ०.१. शिवाय ११७.० आणि ११९.३. या वेळी कडेच्या दोनही दिसत होत्या.

म्हणजे त्यांची रचना पहिल्यापासून बरोबर होती आणि आमचा रेणूही पहिल्यापासून बरोबर होता. अकरा महिन्यांपूर्वीच आमचं काम झालेलं होतं. त्यांच्या पेशींवरच्या चाचण्यांचं मात्र काय? क्षाराच्या वजनात सुमारे २६ टक्के आम्लच असतं, आणि त्यांनी मात्रा काढली ती सगळं वजन रेणूचं धरून. हे आम्ही पेपरमध्ये एका वाक्यात लिहिलंय. सरांनी त्यातला ‘दुर्दैवानं’ हा शब्द काढला.

फोनवर सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बरं. म्हणजे आता लहान जर्नलला जाईल.” मला त्यांचा राग आला नाही, आणि याचंच नंतर आश्चर्य वाटलं. कारण चूक त्यांच्या हावेची होती तेवढीच माझी.

त्या पेन्सिलीच्या गोलाची गोष्ट अशी. गोल मी केलेला नव्हता. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टला आलेल्या एमएस्सीच्या मुलानं केला होता. “ताई, कार्बन २१ आहेत ना? मग या दोन कसल्या?” असं त्यानं विचारलं होतं. मी रोटाव्हेपरवर होते, पंप खोकत होता. “ग्रीस-बीस असेल, सोड,” म्हणाले आणि प्रिंट घेऊन त्यावर ‘कचरा’ लिहिलं. ग्रीस ३० च्या आसपास येतं, ११७ ला कधीच नाही, हे त्या आधीच्याच आठवड्यात मी त्याला शिकवलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलला नाही. हुशार मुलं आमच्याकडे सगळ्यात आधी हेच शिकतात.

तो आता हैदराबादला एका औषध कंपनीत आहे. मी फोन केला, सगळं सांगितलं. त्याला आठवेचना. “कुठल्या रेषा, ताई? मी खूप फालतू प्रश्न विचारायचो तेव्हा.” मग तिथल्या शिफ्टबद्दल बोलत राहिला.

पेपरच्या शेवटी आभारात मी त्याचं नाव घातलंय. मसुदा परवा परत आला. सरांनी त्या नावाखाली रेघ मारून समासात विचारलंय: याचं काम काय?