५ तास २७ मिनिटांचं कोडं सुटलं

सुटलं! परवा संध्याकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी, माझ्या डोळ्यांदेखत, रेडिओ सेटच्या घड्याळातला आकडा ६:४१ वरून १:१४ वर गेला. मी इतक्या जोरात "सापडलं" म्हणालो की आईच्या हातातलं लाटणं तसंच थांबलं. गेले अठरा दिवस लॉगवहीत या एकाच गोष्टीनं पानं भरली होती, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मेव्हण्यानं न्यू जर्सीहून आणलेला वेदर रेडिओ, त्याचा १२० व्होल्टचा अडॅप्टर मी लगेच बाजूला का ठेवला (आपल्या २३० व्होल्टवर तो क्षणात गेला असता), यूएसबीवर ५ व्होल्टनं सेट कसा नीट चालतो, हे सगळं मागच्या दोन नोंदींत येऊन गेलंय. हेतूही तोच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. आम्ही गावभागातले. वीज गेली, मग मोबाइलची रेंज गेली, आणि शेवटी कानाशी राहिला तो आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर. त्याचेही सेल तिसऱ्या दिवशी संपले. तेव्हाच ठरवलं होतं की हातानं फिरवून चार्ज होणारा, गजराचं घड्याळ असलेला एक सेट माळ्यावरच्या पिशवीत कायम तयार ठेवायचा. हा सेट त्यासाठीच आहे.

आधी चांगली बातमी. मीडियम वेव्हचं गाडं मार्गी लागलं. अमेरिकेत मीडियम वेव्हची केंद्रं १० किलोहर्ट्‌झच्या अंतरानं असतात, आपल्याकडे ९ च्या. त्यामुळे सेट १२५० वर थांबायचा, नाहीतर थेट १२६० वर. आपली आकाशवाणी सांगली आहे १२५१ वर. एका किलोहर्ट्‌झच्या फरकानं सांगली ऐकू यायची, पण 'स' आणि 'श' जरा चिरके यायचे. पुण्याच्या ७९२ साठी ७९० वर बसावं लागे, आणि मुंबईच्या १०४४ साठी १०४० वर. ४ किलोहर्ट्‌झ म्हणजे बोलणं कळेनासंच होतं. ही स्टेप, म्हणजे दोन आकड्यांमधलं अंतर, बदलायची सोय माहितीपुस्तकात कुठेच छापलेली नाही. सेट बंद ठेवून ट्यूनिंगचं बटण दाबून धरलं, पाचेक सेकंदांनी पडद्यावर '९' उमटला आणि १२५१ बरोब्बर बसलं. एवढा स्वच्छ आवाज या सेटमधून मी पहिल्यांदाच ऐकला. स्वयंपाकघरातला एलईडी दिवा बंद केला की उरलीसुरली गुरगुरही जाते. स्वस्तातले एलईडी दिवे मीडियम वेव्हचे वैरी आहेत, हे माझं मत आता पक्कं झालंय. स्टेप बदलली की साठवलेली सगळी केंद्रं पुसली जातात, तेवढं लक्षात ठेवा. एफएमला तसा त्रास नाही. अमेरिकी सेट ०.२ च्या उड्या मारतो, पण आकडे विषम दशांशाचे घेतो, त्यामुळे कोल्हापूरचं १०२.७ आणि साताऱ्याचं १०३.१ दोन्ही लागतात.

वेदर बँडबद्दल पुन्हा विचारणा झाली म्हणून थोडक्यात सांगतो. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झ अशा सात वाहिन्या अमेरिकेतल्या हवामान खात्याच्या आहेत. दिवसरात्र बुलेटिन चालतं, आणि धोक्याच्या वेळी १०५० हर्ट्‌झचा सूर येऊन झोपलेला सेट आपोआप बोलू लागतो. आपल्याकडे ती सेवाच नाही. इथे त्या सातही जागी नुसती खरखर आहे. त्या बटणावर मी आता कापडी चिकटपट्टी लावलीय. पुराच्या रात्री अंधारात घरातल्या कुणाचं बोट त्यावर पडलं आणि खरखर ऐकून सेट बिघडला असं वाटलं, तर अवघड होईल.

म्हणूनच माझ्या दृष्टीनं या सेटचं खरं अंग घड्याळ आहे. सूर ऐकून जागा होणारा सेट इथे उपयोगाचा नाही, तर वेळेवर जागा होणारा करायचा. सकाळी ७:०५ चा गजर लावायचा, सेट १२५१ वर सुरू होईल, आणि ७:१० च्या प्रादेशिक बातम्या घरभर ऐकू येतील. कोयनेतून किती पाणी सोडलं, कोणत्या जिल्ह्याला ऑरेंज आणि कोणत्या जिल्ह्याला रेड अलर्ट आहे, हे उठल्या उठल्या कळेल.

आता कोडं. एका रविवारी घड्याळ लावलं. सोमवारी गजर बरोबर ७:०५ ला झाला. मंगळवारी झालाच नाही. मी कामावर गेलो आणि दुपारी आईचा फोन आला, "अरे, तुझा रेडिओ आपोआप बोलायला लागलाय, बंद कसा करायचा?" वेळ होती १२:३२. रात्री येऊन पाहिलं तर सेटचं घड्याळ ५ तास २७ मिनिटं मागे होतं.

पहिला संशय सेलवर गेला. सेल हलले की घड्याळ कोरं होतं, म्हणून स्प्रिंगा ताणल्या, संपर्क पॉलिश पेपरनं घासले. पण तसं असतं तर घड्याळ १२:०० वरून नव्यानं सुरू झालं असतं. मग वाटलं टाइम झोन. मेनूत अमेरिकेचे झोन आहेत, ईस्टर्न, सेंट्रल वगैरे, सगळे पूर्ण तासांच्या फरकाचे. आपला जागतिक वेळेपासूनचा साडेपाच तासांचा फरक त्यात बसतच नाही, म्हणून मी झोनला हात न लावता तास-मिनिटं हातानंच भरली होती. झोन आपसूक बदलला असता तर फरक पूर्ण तासांत आला असता. २७ मिनिटं कुठून आली? या २७ नंच मला सगळ्यात जास्त फिरवलं. साडेपाचच्या एवढा जवळचा आकडा, आणि तरी साडेपाच नाही.

मग क्वार्ट्‌झ. ३२,७६८ हर्ट्‌झचा तो इवलासा स्फटिक खराब असेल तर घड्याळ वाट्टेल तसं पळतं. हे तपासायला मोबाइलवरची वेळ मला पुरेशी वाटली नाही. माझा जुना शॉर्टवेव्ह सेट गच्चीवर नेला आणि रात्री दहानंतर १० मेगाहर्ट्‌झ लावलं. चीनचं बीपीएम हे अचूक वेळेचे ठोके देणारं केंद्र छान लागलं. सेकंदाला एक ठोका, मिनिटाच्या सुरुवातीचा ठोका लांब. ज्यांनी अजून ऐकलं नसेल त्यांनी जरूर ऐकावं. प्रत्येक अर्ध्या तासाच्या शेवटी मोर्स आणि बाईच्या आवाजात ओळख येते. फक्त २५ ते २९ आणि ५५ ते ५९ मिनिटांच्या दरम्यान मोजू नका. तेव्हा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, सोडून पृथ्वीच्या फिरण्यावरच्या वेळेचे ठोके असतात, ते किंचित सरकलेले असतात. सेटवर सेकंद दिसत नाहीत, म्हणून मिनिटाचा आकडा कधी बदलतो ते ठोक्यांवर मोजलं. चार रात्री सेट माझ्याच खोलीत कपाटावर ठेवला होता. चार दिवसांत ४ सेकंदांचा फरक, म्हणजे दिवसाला एक. क्वार्ट्‌झ निर्दोष ठरला. या रकमेच्या सेटमध्ये एवढा नेमका स्फटिक असेल असं मला वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी सेट परत स्वयंपाकघरात गेला, आणि त्याच रात्री पुन्हा ५:२७.

तेव्हा मिरजेच्या आपल्या जुन्या डीएक्सर (दूरदूरची केंद्रं हौसेनं शोधून ऐकणाऱ्या) काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, घड्याळ घसरतंय का उडी मारतंय, ते आधी बघ. घसरत असेल तर घड्याळाचा दोष. उडी मारत असेल तर कुणीतरी त्याला उडी मारायला सांगतंय." हे वाक्य मी वहीत चौकटीत लिहून ठेवलंय. आणि आईला सहज विचारलं तर ती म्हणाली, "मी तर रोज बघतेय. गाणी लावली की घटकाभरानं आकडे बदलतात. मला वाटलं, ते तसंच असतंय."

आई संध्याकाळी पोळ्या करताना एफएमवर जुनी गाणी ऐकते. माझ्या खोलीतल्या चार दिवसांत एफएम लागलंच नव्हतं.

परवा मी स्वयंपाकघरात स्टूल घेऊन समोर बसलो. घड्याळ बरोबर लावलं, आईचं केंद्र लावलं. मिनिटभरही गेला नाही आणि ६:४१ चे १:१४ झाले. मग पुन्हा बरोबर लावलं, पुन्हा तेच. इतर केंद्रं लावून प्रत्येकी दहा मिनिटं बसलो, आकडा हलला नाही.

एफएमच्या सिग्नलमध्ये ५७ किलोहर्ट्‌झवर आरडीएस नावाचा डेटा जातो. पडद्यावर केंद्राचं नाव सरकतं ते त्यातूनच. त्याच डेटाच्या '४ए' गटात मिनिटाला एकदा वेळही पाठवता येते. ती यूटीसीमध्ये असते आणि सोबत स्थानिक वेळेचा फरक अर्ध्या-अर्ध्या तासांच्या मापात असतो. आपल्यासाठी तो आकडा ११ हवा. या केंद्रानं तिथे शून्य ठेवलंय, म्हणून सेट यूटीसी दाखवतो, म्हणजे साडेपाच तास मागे. आणि त्यांच्या संगणकाचं घड्याळ ३ मिनिटं पुढे आहे. ५:३० वजा ०:०३ बरोबर ५:२७! हे गणित कागदावर जुळलं तेव्हा मी तो कागद आईलाही दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे रेडिओ शहाणा आहे, चुकीचं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला एवढंच."

मग ही सोय बंद कशी करायची? मेनू मी तीनदा चाळला होता आणि प्रत्येक वेळी 'आरडीएस' शोधत होतो. अमेरिकेत त्याच गोष्टीला 'आरबीडीएस' म्हणतात, आणि त्या नावाखाली घड्याळ जुळवण्याची ओळ शांतपणे बसली होती. ती बंद केली. केंद्राचं नाव अजून दिसतं, वेळ मात्र आता कुणी बदलत नाही. ज्यांच्याकडे तिकडचे सेट आहेत त्यांनी हा शब्द लक्षात ठेवा.

एक अडचण उरलीच आहे. सेल काढले की ही ओळ पुन्हा चालू होते आणि स्टेपही १० वर जाते. म्हणून सेटच्या पाठीला पांढरी पट्टी लावून त्यावर जाड पेननं लिहिलंय: सेल बदलले की आधी ९, मग आरबीडीएस बंद, मग वेळ. सेलच्या बाबतीत माझा आग्रह आहे की आणीबाणीच्या सेटमध्ये साधे जस्ताचे सेल ठेवूच नका. आजोबांच्या ट्रान्झिस्टरचा कप्पा त्यांनी गळून खाल्ला. अल्कलाइन घ्या, आणि तेही पिशवीत वेगळे ठेवा. शहरातल्या एका दुकानात मला जुन्या तारखेचे सेल मिळाले होते, म्हणून तारीख वाचूनच पैसे द्या.

पुढचा बेत असा होता की आता मुंबईला गेलो की लॅमिंग्टन रोडवरून गँग कंडेन्सर (केंद्र जुळवायचा सुटा भाग) आणायचा आणि लाकडी चौकटीवर तारेचा लूप, म्हणजे अँटेना, गुंडाळायचा, म्हणजे पुण्याचं ७९२ दिवसाही उचलता येईल. सांगलीचं केंद्रच कधी बंद पडलं तर पुणं हाताशी हवं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की त्याआधी त्या एफएम केंद्राला पत्र लिहावं. त्यांना एक आकडा बदलायचा आहे आणि घड्याळ नीट लावायचं आहे, एवढंच काम. ते झालं तर अशा घड्याळाचा सेट ज्या ज्या घरी आहे, त्या घरांत वेळ आपोआप नेमकी राहील, आणि मीही ती ओळ पुन्हा चालू करू शकेन. मग सेल बदलल्यावर वेळ भरायचीही गरज नाही. पत्र उद्याच टाकतो, सोबत माझ्या वहीतला फरकांचा तक्ता जोडतो. लूप त्यानंतर.

दुसरा गजरही मोकळा आहे. तो संध्याकाळी ६ ला लावला. तो झाला की मी सायकलनं आयर्विन पुलापर्यंत जातो आणि पुलाच्या खांबावरची पातळी वहीत लिहितो. कऱ्हाड, बहे, भिलवडी करत पाणी इथे पोचतं. वरच्या बातम्या आणि इथली फूटपट्टी यांची वेळ एकाच घड्याळावर लिहिली तर त्यातलं अंतर या पावसाळ्यात मला स्वतःला मोजता येईल.

आज सकाळी गजर झाला तेव्हा मोबाइलवर ७:०५ वाजून ३ सेकंद झाले होते. आई आधीच उठून चहा ठेवत होती. तिनं आवाज स्वतःच वाढवला.