ठिपके भरपूर, पिवळा रंग नाही

गुरुवारी दुपारी एलायझाच्या, म्हणजे रंगावरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या, प्लेटवर शेवटचं आम्ल घातलं. ते पडलं की निळा रंग क्षणात पिवळा होतो, आणि पिवळा जितका गडद तितका टी-पेशींनी, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या प्रतिकारपेशींनी, जास्त प्रतिसाद दिला असं समजायचं. उपाशी ठेवलेल्या पेशींच्या ओळीत हळदीसारखा पिवळा उतरला. शेजारची, आम्ही तपासत असलेल्या सात नंबरच्या संयुगाची ओळ मात्र पाण्यासारखी. वाटलं, प्लेट उलटी धरली. फिरवून पाहिली. कोपऱ्यातली खूण जागच्या जागी होती.

दोनच दिवसांपूर्वी, मंगळवारी, याच सात नंबरने मला आनंदाने वेडं केलं होतं. भर पावसात ठाण्याहून ट्रान्सहार्बर उशिरा सुटली, घणसोलीला रिक्षा मिळेना, महापे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. ओल्या कपड्यांनीच अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला. एकेका पेशीत शेकडो हिरवे ठिपके. उपाशी पेशींतही इतके नव्हते. फोटो काढला आणि लगेच ग्रुपवर टाकला: ‘सात नंबर जबरदस्त.’

हे ठिपके म्हणजे काय ते सांगते. पेशी स्वतःचे जुने, मोडके भाग, कधी आत शिरलेला जंतूसुद्धा, दुहेरी पडद्याच्या पिशवीत गुंडाळते. ती पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीच्या पचनाच्या कप्प्याला, जाऊन मिळते आणि तिथल्या आम्लात, एन्झाइममध्ये आतला माल पचतो. क्रिस्तियान द दुव यांनी १९६३ मध्ये याला ऑटोफॅजी म्हटलं. पिशवीच्या पडद्यावर एलसी३ नावाचं प्रथिन चिकटतं. त्याला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं की प्रत्येक पिशवी ठिपक्यासारखी दिसते.

आम्हाला यात रस आहे तो क्षयासाठी. पेशी उपाशी ठेवल्या की ऑटोफॅजी वाढते; तशीच ती वाढवणारं संयुग आम्ही शोधतोय. क्षयाचा जंतू आपल्याला गिळणाऱ्या पेशीतच, मॅक्रोफेजमध्ये, मुक्काम ठोकतो आणि आपली पिशवी लायसोसोमपर्यंत पोचू देत नाही. पचलाच नाही तर त्याचे तुकडे होत नाहीत, आणि टी-पेशीला तर फक्त तुकडाच कळतो. सबंध जंतू समोर ठेवला तरी तिला तो दिसत नाही. साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांचा तुकडा एमएचसी-२ या प्रथिनाच्या खोबणीत बसून पेशीच्या बाहेर आला, की मग मदतनीस टी-पेशी तो चाचपून बघते आणि ओळखते. मॅक्रोफेज उपाशी ठेवले किंवा त्यांना रॅपामायसिन हे औषध दिलं तर ऑटोफॅजी वाढून जंतूची ही अडवणूक मोडते, हे २००४ मध्ये दिसून आलं. कळव्याला आमच्या शेजारच्या काकूंनी सहा महिने क्षयाच्या गोळ्या घेतल्या, त्या काळात मी त्यांचा डबा पोचवायचे. म्हणून हा विषय मला केवळ नोकरीचा वाटत नाही.

(इथे एक गोष्ट बजावून सांगते. पेशींना दोन तास नुसत्या क्षारांच्या पाण्यात ठेवणं म्हणजे एकादशी नव्हे. उपासाने क्षय जातो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. क्षयाच्या रुग्णाला गोळ्यांइतकंच पोटभर अन्नही लागतं.)

आम्ही खरा क्षयजंतू हाताळत नाही, बीसीजी ही क्षयाची लस, म्हणजे त्याचा दुबळा केलेला भाऊबंद, वापरतो. १९२१ पासून माणसांना देतात तीच, आपल्या डाव्या दंडावर जिचा व्रण आहे ती. बीसीजी गिळलेले उंदराचे मॅक्रोफेज, त्यांच्यासोबत बीसीजीचा एकच ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या टी-पेशी. तुकडा दिसला की त्या आयएल-२ नावाचं प्रथिन सोडतात, आणि एलायझात पिवळा रंग त्याचाच.

प्लेट घेऊन प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे गेले. म्हटलं, “मॅडम, सात नंबरने टी-पेशी मेल्या असणार.”

त्यांनी प्लेट खिडकीकडे धरली आणि सर्वांत खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथेही सात नंबर दिलेले मॅक्रोफेज होते, पण त्यांना बीसीजीऐवजी तयार कापलेला तुकडा बाहेरूनच दिला होता. ती ओळ लख्ख पिवळी होती. मी मगाशी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

“टी-पेशी जिवंत आहेत, तुकडा धरायला एमएचसीही आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त कापणारं कुणी नाही. तू ठिपके मोजलेस. पचलं किती, ते मोजलंस का?”

मग त्यांनी ओसुमींची आठवण करून दिली. योशिनोरी ओसुमी, २०१६ चं नोबेल. त्यांनी यीस्टचे असे वाण घेतले होते ज्यांत पचवणारी एन्झाइमच नव्हती. पचन थांबल्यामुळे पिशव्या आत साठत गेल्या, म्हणून तर त्या साध्या मायक्रोस्कोपखाली दिसल्या. मी हे परीक्षेत लिहिलेलं होतं. मंगळवारी तेच डोळ्यांसमोर होतं आणि मला ते जोरदार पचन वाटलं. क्लोरोक्विनने लायसोसोममधलं आम्ल कमी केलं की मॅक्रोफेज टी-पेशींना प्रतिजन, म्हणजे जंतूचा तुकडा, दाखवू शकत नाहीत, हे झीगलर आणि उनानुए यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं, तेही मॅडमनी सांगितलं.

फ्रिजमध्ये त्याच प्रयोगाच्या ब्लॉटचा, म्हणजे पेशीतली प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या कागदासारख्या पापुद्र्याचा, वरचा अर्धा भाग पडून होता. खालचा भाग एलसी३ साठी वापरून झाला होता. मी तो पी६२ ला चिकटून त्याची पट्टी दाखवणाऱ्या अँटिबॉडीत घातला. पी६२ हे पचनाला माल आणून देणारं प्रथिन, आणि मालाबरोबर तेही पचून जातं. पचन चालू असेल तर त्याची पट्टी फिकी पडायला हवी. चार तासांनी संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटलं. उपाशी पेशींत पुसट रेघ, आणि सात नंबरखाली काजळाने ओढल्यासारखी जाड, काळी पट्टी. ती पाहून पोटात खड्डा पडला, आणि त्याच क्षणी सगळं लख्ख कळलंही.

पुढच्या आठवड्यात सात नंबरबरोबर बॅफिलोमायसिन देऊन पाहिलं. ते लायसोसोममध्ये आम्ल जमूच देत नाही. उपाशी पेशींत ते दिल्यावर एलसी३ आणखी साठलं. सात नंबरच्या पेशींत काहीच वाढलं नाही, कारण वाट आधीच बंद होती.

पण त्या गुरुवारीच, रात्री साडेआठला, निघण्यापूर्वी, मंगळवारच्या फोटोखाली लिहिलं: ‘सात नंबर ऑटोफॅजी वाढवत नाही. पचन अडवतं. पी६२ ची पट्टी जोडली आहे.’ मग फ्रीजरमधून त्याची कुपी काढली, झाकणावरचं हिरवं लेबल खरवडून लाल लावलं आणि ती खालच्या खणात ठेवली.