सेकच्या इंटिग्रेशनला 'सेक अधिक टॅन' सुचतं कुठून?

साइनचं इंटिग्रेशन वजा कॉस, कॉसचं साइन, सेक वर्गाचं टॅन. डेरिव्हेटिव्हचा तक्ता उलटा वाचला की झालं. टॅनही सरळ आहे: साइन भागिले कॉस लिहायचं, कॉसला यू मानायचं, उत्तर लॉग सेक. (लॉगच्या आतलं मॉड्युलस आणि शेवटचा स्थिरांक सी मी इथे गृहीत धरतेय. वहीत धरू नका, लिहा!)

मग येतो सेक, म्हणजे १ भागिले कॉस. शिकवलं जातं ते असं: 'सेक अधिक टॅन'ने गुणा आणि त्यानेच भागा. अंशात छेदाचा डेरिव्हेटिव्ह तयार होतो, उत्तर लॉग (सेक अधिक टॅन). दोन ओळींत गणित संपतं. पण "मॅडम, हे सुचलं कसं?" असं वर्गात कुणी विचारलं की मला फार बरं वाटतं, कारण उत्तर माहीत नसताना हा गुणाकार सुचणं अवघडच आहे.

इतिहासातही उत्तर आधी आलं, सिद्धता नंतर. नकाशाकार मर्केटरच्या १५६९ च्या जगाच्या नकाशात प्रत्येक अक्षवृत्त विषुववृत्ताइतकंच लांब दाखवलंय, म्हणजे ते अक्षांशाच्या सेकपट ताणलंय. कोन बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिणही तेवढंच ताणावं लागतं. ते अंतर काढायला इंग्रज गणिती एडवर्ड राइटने सेकच्या किमतींची बेरीज करत तक्ते केले आणि १५९९ मध्ये छापले. १६४५ च्या सुमारास नौकानयन शिकवणाऱ्या हेन्री बाँडच्या लक्षात आलं, की हे आकडे टॅनच्या लॉगच्या तक्त्याशी जुळतात (कोन ४५ अंश अधिक अर्धा अक्षांश; त्याचा टॅन म्हणजे अक्षांशाचा 'सेक अधिक टॅन'च). नुसते जुळतात, का, ते कुणालाच सांगता येईना. सिद्धता १६६८ मध्ये जेम्स ग्रेगरीने दिली, पण ती वाचायला फार कठीण.

१६७० मध्ये आयझॅक बॅरोने दिलेली वाट मी वर्गात आजच्या भाषेत मांडते. सेक म्हणजे कॉस भागिले कॉस वर्ग. छेदात १ वजा साइन वर्ग लिहा, साइनला यू माना. उरतं १ भागिले (१ वजा यू वर्ग). त्याचे आंशिक अपूर्णांक पाडले, म्हणजे दोन सोप्या अपूर्णांकांची बेरीज केली, की उत्तर मिळतं: अर्धा लॉग, आत (१ अधिक साइन) भागिले (१ वजा साइन). इथे एकही पायरी आकाशातून पडत नाही. आता अंश-छेदाला (१ अधिक साइन)ने गुणा, तो अर्धा वर्गमूळ म्हणून आत घ्या, 'सेक अधिक टॅन' आपोआप समोर येतं. ३० अंशाला ताडून बघा, दोन्हीकडे लॉग वर्गमूळ ३.

कोसेकलाही (१ भागिले साइन) हीच रीत चालते. फक्त यू म्हणून कॉस घ्या आणि वजा चिन्ह सांभाळा.