व्हिपलनंतर बाबांनी काय खायचं, हे विचारताना

बाबांच्या डिस्चार्ज कार्डावर आहाराच्या रकान्यात दोनच शब्द होते: मऊ, हलका. त्याचा मला अजून राग येतो. कॅन्सरसाठी केलेल्या व्हिपल ऑपरेशनात स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनळीचा तुकडा असं सगळं काढलेला माणूस घरी निघालाय, आणि त्याला काय, किती, कितीदा द्यायचं हे कोणी सांगेना.

नर्सताईंना विचारलं तर म्हणाल्या, डॉक्टर सांगतील. राऊंडवरचे डॉक्टर म्हणाले, आहारतज्ज्ञांकडे जा. आहारतज्ज्ञांच्या खोलीला कुलूप. शेजारच्या खिडकीतला माणूस म्हणाला, मॅडम ठरलेल्या वारीच येतात, आणि आधी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठी देणारे डॉक्टर ऑपरेशन थिएटरात. आम्ही आर्वी तालुक्यातल्या खेड्यातून नागपूरला आलेलो, परतीची गाडी खाली उभी, बाबांना बाकावर बसवेना. तसेच निघालो.

गावी भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, "तेलतूप नका देऊ बाप्पा, पोटाचं ऑपरेशन आहे." कावीळ दिसली तेव्हापासून घरात तेच पथ्य चालू होतं, तेच पुढे चाललं. आई पेज, ज्वारीच्या कण्या, वरणाचं वरचं पाणी द्यायची. "मले जेवण जातच नाही," एवढंच बाबा म्हणायचे. संडास चिकट, तेलकट, उग्र वासाची. पाणी ओतलं तरी वर तरंगायची. वजन उतरत होतं आणि टाक्यांची जागा ओलीच होती. प्रथिनं कमी पडली की जखम भरत नाही आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

फॉलोअपला तीच खिडकी, तीच चिठ्ठी. या वेळी मी डॉक्टरांच्या दारातच उभी राहिले आणि चिठ्ठी घेऊनच हलले. मॅडम भेटल्या तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "संडास तरंगते का?" स्वादुपिंडाचा पाचकरस अन्नापर्यंत पुरेसा पोचत नव्हता. चरबी न पचताच बाहेर पडत होती आणि तिच्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही. तेल तोडणं हा त्यावर उपाय नाही, तेच पाचक घटक बाहेरून देणाऱ्या पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूल हा आहे. इतका साधा प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी कोणालाही विचारता आला असता!

कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जेवण लांबलं तर ठरवून दिलेल्यातली काही मध्येच. चावायची नाही, गरम चहाबरोबर तर नाहीच. उष्णतेने त्यातले पाचक घटक निकामी होतात, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात ती टिनाखालच्या फळीवर ठेवू नका. आमच्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती मिळाली नाही, नागपूरहून मागवावी लागली. संपायच्या आधीच सांगून ठेवा. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. बाबा माळकरी, म्हणून मी त्यांना आधीच स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांशी बोलून, विचार करून त्यांनी ती घेतली.

शरीराच्या दर किलोमागे रोज साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 60 ते 75 ग्रॅम. वरणाच्या पाण्यात ती कुठून येणार? अंडी आमच्याकडे चालत नाहीत, म्हणून घट्ट वरण, दही, पनीर, बारीक वाटलेले शेंगदाणे, आणि दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. भाकरी नंतर, आधी घेतली की तिनेच पोट भरतं. पाणीही जेवताना घोटभरच.

ऑपरेशनच्या आधीचं राहिलंच. सर्जननी बाबांची तारीख मुद्दाम पुढे ढकलली होती. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलेलं असेल तर एक-दोन आठवडे नीट खाऊ घालून मग ऑपरेशन करणं बरं, असं ते म्हणाले. तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता, पण त्यांचं बरोबर होतं. ऑपरेशन नीट पार पडलं.

कॅप्सूल सुरू झाल्यावर वजन आधी थांबलं, मग चढायला लागलं. जखम सुकली आणि केमो वेळेत सुरू झाली. ती साधारण 12 आठवड्यांच्या आत व्हावी, असं डॉक्टर बघतात. माणूस खंगलेला असला तर तीच लांबते.

रक्तातली साखरही तपासत राहा. स्वादुपिंड अर्धवट उरलं की ती वाढू शकते, आणि ताकद यावी म्हणून घरोघरी गूळ-तुपाचा शिराच दिला जातो. डिस्चार्जच्या दिवशी आहार आणि कॅप्सूल दोन्ही कागदावर लिहून मिळेपर्यंत वॉर्ड सोडू नका, गाडीवाला खाली कितीही हॉर्न वाजवू दे.