मॉडेलमधला पाझर तलाव

कऱ्हा नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात बारा नव्या बोअरवेल घ्यायला हरकत नाही, असं एका अहवालात लिहिलं होतं. अहवाल जाडजूड, पानोपानी रंगीत नकाशे, आणि शेवटी ठाम निष्कर्ष: नव्या उपशानंतरही पाण्याची पातळी मीटरभरही खाली जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा होती आणि विषयपत्रिकेवर बोअरवेलचा ठराव होता. सरपंचताईंचा मला फोन आला. "मॅडम, एवढं पाणी आपल्या शिवारात हाय का? तुम्ही एकदा बघाच."

गाव पर्जन्यछायेतलं. सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. अंजीर आणि सीताफळाच्या बागा, जुन्या साठएक विहिरी, वरच्या अंगाला दुष्काळी कामातून झालेला एक पाझर तलाव. गावाचं नाव इथे देत नाही आणि अहवाल करणाऱ्यांचंही नाही, कारण असे अहवाल मी इतर ठिकाणीही पाहिले आहेत.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी एक मोलाचं काम करून ठेवलं होतं. अहवालासोबत त्यांनी मॉडेलच्या, म्हणजे ज्या संगणकी हिशेबावरून अहवालातली पाण्याची पातळी काढली होती त्याच्या, मूळ फाइलीही मागून घेतल्या होत्या. बहुतेक ठिकाणी गावाच्या हाती छापील अहवाल पडतो, मॉडेल मात्र कुणाच्या तरी ऑफिसातल्या संगणकातच राहतं. इथे पेन ड्राइव्ह संध्याकाळीच माझ्या हातात आला. ऑफिस बंद झालेलं होतं, तेव्हा काम घरच्या लॅपटॉपवरच करायचं होतं. आठ जीबी रॅम, साधा प्रोसेसर, आणि त्यावर भूजलाचं एकही सॉफ्टवेअर नाही.

अशा कामाला मोठी यंत्रणा आणि लाखोंचं लायसन्स लागतं, असा एक समज आहे. तो खरा नाही. मॉडेल मॉडफ्लोमध्ये केलेलं होतं. मॉडफ्लो हे अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचं, म्हणजे यूएसजीएसचं सॉफ्टवेअर. मायकेल मॅकडॉनल्ड आणि आर्लेन हार्बॉ यांनी फोरट्रान भाषेत लिहिलेली त्याची पहिली आवृत्ती १९८४ची. आज जगभर वापरलं जाणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोडही कुणालाही वाचता येतो. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. जो हिशेब आपल्या विहिरींबद्दल निर्णय देतो, तो उघडून बघायचा हक्क त्यामुळे कुणालाही मिळतो.

मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मी मॉडेलम्यूज उतरवलं. मॉडफ्लोचा हा दर्शनी भाग, नकाशावर रेघा ओढून मॉडेल उभं करण्यासाठीचा. तोही यूएसजीएसचाच आणि फुकट. पण मॉडेलम्यूज बसवलं म्हणजे मॉडफ्लो बसलं असं होत नाही. हिशेब करणारा प्रोग्राम वेगळा उतरवावा लागतो आणि तो कुठे ठेवला आहे हे मॉडेलम्यूजला सांगावं लागतं. नवखी माणसं इथेच अडकतात. मी झिप उघडली, एमएफ२००५ची, म्हणजे मॉडफ्लोच्या २००५च्या आवृत्तीची, फाइल जागेवर ठेवली, आणि पुढच्या क्षणी ती गायब. अँटिव्हायरसने ती संशयित म्हणून उचलून बाजूला टाकली होती. तिला सोडवून आणलं, त्या फोल्डरला सूट दिली.

मग रन दिला, तर फाइल उघडता येत नाही असा संदेश. पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचं नाव होतं 'भूजल मॉडेल अंतिम'. देवनागरी अक्षरं, मधे मोकळ्या जागा. जुन्या फोरट्रान प्रोग्रामांना असा पत्ता पचत नाही. सगळं उचलून सी ड्राइव्हवर साध्या रोमन अक्षरांच्या एकशब्दी फोल्डरात ठेवलं. कमांडच्या काळ्या खिडकीत प्रोग्रामचं नाव आणि पुढे नेम फाइलचं, म्हणजे मॉडेलच्या सगळ्या फाइलींची यादी असलेल्या फाइलचं, नाव टाइप करून एंटर दाबलं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच खाली ओळ आली: नॉर्मल टर्मिनेशन ऑफ सिम्युलेशन.

बरेच जण इथे थांबतात. रन नीट संपला, नकाशा छापा, अहवालात लावा. पण ती ओळ इतकंच सांगते की गणित सुटलं. कोणतं गणित सुटलं, हे बघायला लिस्टिंग फाइल उघडावी लागते. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. तिच्या शेवटी पाण्याचा ताळेबंद असतो: वर जमा, खाली खर्च.

आधी मॉडेल काय करतं ते सांगते. जमिनीखालच्या भागाचे चौकोनी ठोकळे पाडायचे. इथे प्रत्येक ठोकळा ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद, आणि पाणलोट सहा चौरस किलोमीटरचा, म्हणजे एका थरात २४०० ठोकळे. वरचा थर मुरूम आणि मांजऱ्याचा, जिथे आपल्या विहिरी असतात. खालचा थर काळ्या कातळाचा, ज्यात पाणी फक्त भेगांमधून फिरतं. प्रत्येक ठोकळ्यात शेजारून किती पाणी आलं आणि किती गेलं, हे डार्सीच्या नियमाने मांडायचं. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहरात वाळूतून पाणी सोडून केलेल्या प्रयोगांवरून १८५६ साली मांडलेला हा नियम आजही तसाच वापरला जातो. पाऊस मुरला तो जमा, विहिरींचा उपसा उणे चिन्ह लावून खर्च, ओढ्याला पाझरलं तेही खर्च. सगळ्या ठोकळ्यांची समीकरणं एकदम सोडवली की पाण्याची पातळी मिळते.

ताळेबंदात रोजचे घनमीटर होते. खर्चाच्या बाजूला विहिरी १२५०, त्यात आजचा उपसा ७०० आणि नव्या बोअरवेलचा ५५०. ओढ्यात पाझर ३०८. जमेच्या बाजूला पावसाचं पुनर्भरण ६५८. आणि त्याच्या वर एक ओळ: कॉन्स्टंट हेड, ९००. दोन्ही बाजू तंतोतंत जुळलेल्या, तफावत शून्य टक्के.

मी त्या ९००वर बोट ठेवून बसले. पावसाचं पाणी ६५८ आणि ही कुठली दुसरी नदी, जी रोज ९०० घनमीटर आणून देते?

कॉन्स्टंट हेड म्हणजे अशी जागा जिथे पाण्याची पातळी कधीच बदलत नाही असं मॉडेलला सांगितलेलं असतं. समुद्र, मोठं धरण, बारमाही नदी यांच्यासाठी ती सोय. तिथून कितीही पाणी काढा, पातळी हलत नाही. कमी पडेल तेवढं मॉडेल स्वतःच्या खिशातून घालतं. मॉडफ्लोचं काम पॅकेजांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या भागांमध्ये वाटलेलं असतं. अशा जागा कुठे दिल्यात ते बेसिक पॅकेजच्या फाइलीत दिसतं. ती नोटपॅडमध्ये उघडली. आकड्यांच्या रांगाच रांगा: पाणलोटाच्या बाहेर ०, आत १. पानभर १, १, १. आणि वरच्या अंगाला एका कोपऱ्यात उणे एकचा छोटासा पुंजका. उणे एक म्हणजे स्थिर पातळी. नकाशाशी ताडून पाहिलं. तो गावचा पाझर तलाव होता.

भाऊसाहेबांना फोन लावला. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. विचारलं, तलाव कधी आटतो?

"शिवरात्रीला तिथं पोरं क्रिकेट खेळत्यात, मॅडम. औंदा तर त्याच्याही आधी."

तलावाची साठवण कागदोपत्री ६० हजार घनमीटर. या भागात पावसाळ्यात तो एकदा भरला तरी लोक समाधान मानतात. आणि मॉडेलमध्ये रोजचे ९०० म्हणजे वर्षाला सव्वातीन लाख घनमीटरच्या वर पाणी त्यातून निघत होतं, पूर्ण तलाव साडेपाच वेळा रिकामा होईल इतकं. बोअरवेलला पाणी मिळत होतं ते शिवारातून नव्हे, त्या उणे एकच्या पुंजक्यातून.

पुढचं काम त्या रात्री झोप घालवणारं होतं, पण करावंच लागणार होतं. मूळ मॉडेल वर्षभराच्या सरासरीवर, एकाच काळाचं होतं. आपल्याकडे पाऊस चार महिने आणि उपसा मुख्यतः त्यानंतर. सरासरीत एप्रिल-मे दिसतच नाहीत. मी ते मॉडेलम्यूजमध्ये आणलं, मॉडफ्लो ६ या नव्या आवृत्तीवर नेलं, काही पॅकेजं नव्याने भरली, आणि बारा महिन्यांचे बारा काळ केले. तलावासाठी लेक पॅकेजच्या वाटेला गेले नाही, तेवढा वेळ नव्हता. नदीचं पॅकेज वापरून महिन्यागणिक पातळी उतरवत नेली, तळाच्या गाळातून जेवढं झिरपेल तेवढंच झिरपू दिलं आणि फेब्रुवारीपासून तलाव काढून टाकला.

खडकाची साठवणक्षमता दोन टक्के धरली. भूजल अंदाजाच्या सरकारी निकषांमध्ये बेसाल्टसाठी, म्हणजे आपल्या काळ्या खडकासाठी, तोच आकडा सुचवलेला आहे. दोन टक्के म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखं आहे. पाचशे मिलिमीटर पावसातलं ८ टक्के मुरलं तर ४० मिलिमीटर होतं. खडकात जागाच दोन टक्के असल्यामुळे तेवढ्यानेच पाणलोटभर पातळी सरासरी दोन मीटर वर येते. पावसाळ्यात विहिरी भराभर चढतात आणि सगळे खूश होतात. पण ४० मिलिमीटर उपसलं की ते दोन मीटर तितक्याच वेगाने उतरतात.

मॉडफ्लो ६मध्ये विहिरींच्या पॅकेजला एक पर्याय आहे: ठोकळ्यातलं पाणी तळाला टेकायला लागलं की उपसा आपोआप कमी करायचा. तो लावला, कारण प्रत्यक्षातही मोटर हवा ओढायला लागली की शेतकरी ती बंद करतो. रन दिला. जानेवारीपर्यंत सगळं सुरळीत. मार्चमध्ये वरच्या अंगाच्या विहिरी तळाकडे झुकल्या. एप्रिलमध्ये मागितलेल्या उपशापैकी निम्म्याहून थोडंच जास्त पाणी मॉडेल देऊ शकलं, आणि ज्या विहिरी आटल्या त्यांत गावच्या नळयोजनेची विहीर होती.

दोन टक्क्यांवर भिस्त नको म्हणून एक टक्का आणि तीन टक्के धरूनही बघितलं. एक टक्क्याला विहिरी आणखी लवकर गेल्या, तीन टक्क्यांना काही आठवडे उशिरा. चित्र पालटलं नाही. साधा हिशेबही तेच सांगतो. पावसाचे वर्षाला दोन लाख चाळीस हजार घनमीटर, तलावाचे बाष्पीभवन वजा जाता फार तर चाळीस हजार. आजचाच उपसा दोन लाख पंचावन्न हजार. त्यावर आणखी दोन लाख कुठून आणणार?

सकाळी समाजमंदिरात ग्रामसभा भरली. अहवाल करणारा तरुण अभियंताही आला होता. सगळ्यांसमोर त्याला उभं करायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून आधी बाजूला बसून त्याला लिस्टिंग फाइल दाखवली. तो नऊशेचा आकडा बघून गप्प झाला. मग अगदी सरळ मनाने म्हणाला, "मॅडम, तलावाला स्थिर पातळी दिली नाही तर मॉडेल चालतच नव्हतं. ठोकळे कोरडे पडायचे, रन अर्ध्यात फेल व्हायचा. वरिष्ठ म्हणाले, कसंही करून कन्व्हर्ज कर." कन्व्हर्ज होणं म्हणजे समीकरणं एका उत्तरावर येऊन थांबणं.

मला त्याचा राग आला नाही. राग आला तो त्या 'कसंही करून'चा. कोरडे पडणारे ठोकळे हा सॉफ्टवेअरचा बिघाड नव्हता. त्या पाणलोटाचं उत्तर तेच होतं. दिवसाला साडेबाराशे घनमीटर इथे नाहीत, हे मॉडेल परत परत सांगत होतं आणि त्याचं तोंड बंद करण्यासाठी त्याला एक कधीच न आटणारा तलाव देण्यात आला. समीकरणं सुटली, नकाशे निळे झाले, आणि ते निळे नकाशे ठरावाला जोडले गेले.

सभेत मी पडद्यावर दोनच गोष्टी दाखवल्या: तो ताळेबंद आणि एप्रिलचा नकाशा. तात्या म्हणून एक वयस्कर बागायतदार आहेत, बोअरवेलसाठी पहिला अर्ज त्यांचाच. ते पुढे येऊन उभे राहिले. "म्हंजे आमच्या तळ्यात बाराही महिने पाणी धरलंय का ह्यांनी?" मी हो म्हटलं. "मग आधी ते पाणी आणा, बोअर मागनं बघू." त्यांनी अर्ज तिथेच मागे घेतला. सगळ्यांनी घेतला नाही. ज्यांच्या बागा यंदा जळायला आल्या आहेत त्यांना पुढच्या वर्षीचा ताळेबंद सांगून पोट भरत नाही, आणि त्यांचा आवाजही सभेत चांगला चढला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्यासाठी टँकरचं आणि ठिबकच्या अनुदानाचं काय, यावर तासभर चर्चा झाली, त्यात माझं काही काम नव्हतं.

शेवटी ठराव झाला तो असा: बारा बोअरवेलचा विषय पुढील पावसाळ्यापर्यंत तहकूब. वीस विहिरींची पातळी दर पंधरवड्याला मोजायची, तलावात मोजपट्टी बसवायची. आणि तिसरं कलम भाऊसाहेबांनी स्वतः सुचवून इतिवृत्तात घातलं: यापुढे भूजलाचा कोणताही अहवाल मॉडेलच्या मूळ फाइली आणि पाण्याचा ताळेबंद सोबत असल्याशिवाय ग्रामपंचायत स्वीकारणार नाही.

दुपारी तो अभियंता माझ्याकडे आला. मॉडेलम्यूज आणि मॉडफ्लो ६ त्याच्या लॅपटॉपवर बसवायला आम्हाला अर्धा तास लागला. त्याच्याही अँटिव्हायरसने तीच फाइल उचलली. बारा महिन्यांचं मॉडेल मी त्याला दिलं. विहिरींच्या मोजण्या आल्या की वरच्या थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता त्यावरून जुळवून घ्यायची आणि तलावाला लेक पॅकेज लावायचं, ते काम आता तो करतो आहे. पहिल्या पंधरवड्याचे आकडे सरपंचताईंनी वहीच्या पानाचा फोटो काढून आम्हा दोघांना पाठवले आहेत.