कमावत्या पोरानं रिटर्न भरावं का?

ऐरोलीच्या कॉल सेंटरात नाहीतर वागळे इस्टेटच्या एखाद्या ऑफिसात कॉलेज सांभाळून काम करणाऱ्या पोरांना घरून एकच ऐकायला मिळतं, 'तुझा कसला आलाय टॅक्स!' नसेलही. पण कापला गेलाय का, ते आधी बघा.

समजा डिझाइनच्या कामाचे महिना ८,००० मिळतात, वर्षाचे ९६,०००. पगाराऐवजी 'प्रोफेशनल फी' दाखवली की १० टक्के टीडीएस (पैसे देणाराच आधी कापून सरकारकडे भरतो तो कर), म्हणजे ९,६०० रुपये कापले जातात. भरायचा कर शून्य, तरी रिटर्नशिवाय यातला एक रुपया परत येत नाही. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्के, आणि ती तुमच्या नावावर दिसतही नाही.

इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता, उघडा. २०२५-२६ च्या नोंदींत '१९४जे' (प्रोफेशनल फीवरच्या टीडीएसचं कलम) दिसलं की आयटीआर-१ हा रिटर्नचा सोपा फॉर्म विसरा, त्यात फी बसत नाही. आयटीआर-४ किंवा ३ लागतो. सोपा म्हणून १ भरला की सदोष रिटर्नची नोटीस ठरलेली.

काहीच कापलं नसेल आणि उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल, तर नव्या करपद्धतीत रिटर्नची सहसा सक्ती नाही. त्याच्या वर गेलं, तर सवलतीमुळे कर शून्य झाला तरी रिटर्न भरावंच लागतं. इथे भलेभले फसतात.

अठरा पूर्ण नसतील तर अंगमेहनतीची किंवा कौशल्याची कमाई मुलाचीच धरतात. रिटर्न पालक भरतात, त्यासाठी पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करायची. त्याच कमाईची एफडी केली तर व्याज मात्र आई-बाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. अजब आहे, पण कायदा तसाच आहे.

रिफंड अडकतो तो बहुतेकदा बँकेत. लहानपणी काढलेलं खातं अठरा झाल्यावर नव्यानं केवायसी होईपर्यंत बंद पडतं. शिवाय पासबुकावर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, एकीकडे वडिलांचं नाव गायब. मग खातं पोर्टलवर प्रमाणित होत नाही. ते रिटर्नच्या आधीच करून घ्या. आणि आधारला बाबांचा नंबर जोडलेला असेल तर ओटीपीच्या वेळी ते घरात हवेत: रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ते ई-व्हेरिफाय, म्हणजे ऑनलाइन पडताळून पक्कं करायचं असतं.