पांढरकवड्याहून रामोजी फिल्म सिटी: तिकिटाआधी मुक्काम ठरवा

लेकरांना घेऊन एखाद्या मोठ्या पार्कला जायचं म्हटलं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर-वणी पट्ट्याचं तोंड आपोआप दक्षिणेकडे वळतं. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जायला अख्खं राज्य आडवं कापावं लागतं. इकडे ४४ नंबरचा महामार्ग दारावरून जातो. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, आणि तिथून हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर. रामोजी फिल्म सिटी, म्हणजे सिनेमाचे सेट बघायचं मोठं पार्क, मात्र हैदराबादेत नाही, शहराच्या पलीकडे विजयवाडा रस्त्यावर आहे. बहुतेकांचं गणित चुकतं ते इथंच. पहाटे निघून दुपारी पोचू आणि लगेच आत जाऊ, असा हिशेब करतात. पार्क सकाळी ९ ला उघडतं. १,६६६ एकरांचा पसारा दुपारी १ नंतर सुरू केला तर निम्मा बघायचा राहतो आणि तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण जातात. म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम पार्कजवळ हवा. बाकी सगळं त्याभोवती बसवायचं.

आधी तारीख. तेलंगणातल्या शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात, विदर्भातल्या जूनच्या अखेरीस. मधले दहा-बारा दिवस तिथं गर्दी कमी आणि ऊनही उतरलेलं. पण नेमकी तेव्हाच पेरणी असते, त्यामुळे नोकरदारांना जमेल, शेतकऱ्याला नाही. शेतकरी घरासाठी भाऊबीजेनंतरचे सोमवार ते गुरुवार बरे. आपल्याकडे दिवाळीची लांब सुट्टी असते, तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याला आणि संक्रांतीला. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन कापसाची वेचणी लागलेली असेल तर मजुरांचा चुकारा आणि गुरांची सोय कोणाकडे द्यायची ते आधी ठरवा. डिसेंबर-जानेवारीत हवा सुरेख असते, पण शाळांच्या सहली धडकतात आणि प्रत्येक बसला रांग लागते. एप्रिल-मे मध्ये जाऊच नका. आतल्या बस उघड्या आहेत, आजी-आजोबांचे हाल होतात.

गाडीने जाणाऱ्यांनी सकाळी १० पर्यंत निघावं. चहा-जेवण धरून पांढरकवड्याहून सहा-सात तास धरा. आदिलाबाद, निर्मल, आर्मूर, कामारेड्डी करत मेडचल आलं की शहरात शिरायचं नाही. तिथून बाहेरच्या रिंग रोडला लागा आणि शामीरपेट, घटकेसरच्या बाजूने जाऊन ११ नंबरच्या पेद्दा अंबरपेट एक्झिटला उतरा. पुढे विजयवाडा रस्त्यावर थोड्याच अंतरावर फिल्म सिटीचा फाटा. मॅपने जवळचा म्हणून शहरातला रस्ता दाखवला तरी ऐकू नका, संध्याकाळी सिकंदराबादच्या गर्दीत दीड तास सहज जातो. खासगी कारसाठी फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गावर चालतो, रिंग रोडवर नाही. तिथं टोल अंतराप्रमाणे वेगळा कापला जातो, म्हणून खात्यात पैसे ठेवा.

दहा-बारा माणसं असली की क्रूझर नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात. मालकाला पहिला प्रश्न परमिटचा विचारा. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असेल तर सीमेवर अडचण नाही, नसेल तर तेलंगणाचा कर भरावा लागतो, तो कोण देणार हे आधीच बोलून घ्या. ओळखीतली पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी भाड्याने स्वस्त पडते खरी, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

रेल्वेवाल्यांनी आदिलाबादहून निघणाऱ्या कृष्णा एक्स्प्रेसच्या नादी लागू नये. ती किनवट, मुदखेड, निजामाबाद असा वळसा घालते. वर्धा-चंद्रपूरकडच्यांना नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सोयीची, सेवाग्राम, चंद्रपूर आणि बल्लारशाला थांबते. पण सिकंदराबादला पोचते दुपारी, म्हणजे त्या दिवशी पार्क नाहीच. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ न घेता अर्धं तिकीट मिळतं, पण ही सवलत चेअर कारला नाही. वंदे भारतमध्ये पोट्ट्यालाही पूर्ण भाडं.

एसटीनं जायचं तर आदिलाबादला उतरून तेलंगणाची बस धरायची. बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, आणि तेलंगणातला मोफत प्रवास तिथल्या रहिवासी बायकांसाठी आहे, आपल्या आधार कार्डावर मिळत नाही. बजेटमध्ये पुढच्या प्रवासाला सगळ्यांचं पूर्ण भाडं धरा. जुबली बसस्थानकावर उतरलात तर हिरव्या मेट्रोने एमजीबीएस (महात्मा गांधी बसस्थानक), तिथं गाडी बदलून लाल मेट्रोने एल. बी. नगर, आणि पुढे बस किंवा रिक्षा.

मुक्काम कुठं? फिल्म सिटीच्या आत सितारा महाग, तारा जरा आवाक्यातलं. मोठ्या कुटुंबाला हयातनगर, वनस्थलीपुरम भागातले लॉज परवडतात. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र न्या. आजीचं आधार कपाटात राहिलं की खोलीसाठी काउंटरवर हुज्जत होते.

सकाळी ८.३० ला गेटवर हजर. तिकीट आदल्या दिवशीच ऑनलाइन काढा. मुलांचं तिकीट कोणत्या मापाने धरतात ते बुकिंगच्या पानावर वाचून घ्या. गाडी बाहेर लावायची, आत फिल्म सिटीचीच बस नेते. मग युरेका नावाच्या चौकातून लाल बसचा स्टुडिओ दौरा सुरू होतो. हा दौरा आधी करा. उन्हं वर चढल्यावर तिथं रांगही वाढते आणि बसचा पत्राही तापतो. बस थांब्यावर सोडून पुढे जाते, परतीला दुसरीच येते, तेव्हा पिशवी सीटवर ठेवून उतरू नका. एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या बाजू वेगवेगळ्या दिसतात, एकीकडून विमानतळ तर दुसरीकडून भलतंच काही. पोरांना ते नीट दाखवा, नाहीतर 'नुसत्या भिंती' म्हणून कंटाळतात. महाभारताच्या दरबाराचा सेट आणि बाहुबलीचा सेट यांना वेळ राखा. पक्षी उद्यान, फुलपाखरं, बोन्साय हे आजोबांच्या पायांवर सोडा. स्टंट शो आणि मूव्ही मॅजिक यांच्या वेळा गेल्याबरोबर फळ्यावरून लिहून घ्या. दुपारचं ऊन या बसून बघायच्या खेळांमध्ये काढायचं.

डबा आत चालत नाही, म्हणून धपाटे आणि तिळाची चटणी रस्त्यापुरतीच. आत जेवण भाताचं जास्त, पोळीची सवय असलेल्यांनी मनाची तयारी ठेवावी. चुकामूक झाली तर युरेकाला यायचं, हे लेकरांना उतरायच्या आधीच बजावून ठेवा.

एक स्पष्ट सांगतो. पोरांना उलटेपालटे झोके आणि पाणी हवं असेल तर फिल्म सिटी त्यांना फिकी वाटेल. त्यांच्यासाठी वंडरला. २०१६ साली सुरू झालेलं हे पार्क रिंग रोडच्या १३ नंबरच्या एक्झिटजवळ, रावीर्यालला आहे, म्हणजे फिल्म सिटीपासून दोनच एक्झिट पुढे. दुसरा दिवस तिथं द्या. तिथं मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर. पाण्यात नायलॉनचेच कपडे चालतात, सुती नाही. कपाशीच्या मुलखातल्या माणसांना हे ऐकून गंमत वाटेल, पण तिथं जाऊन विकत घेण्यापेक्षा घरून न्या.

परतीला रात्री निघू नका. कडेला विझल्या दिव्यांनी उभे ट्रक आणि झोपाळू ड्रायव्हर ही जोडी वाईट. रिंग रोड सोडून मेडचल किंवा कामारेड्डीला थांबा, सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. निर्मलची लाकडी खेळणी घ्यायची असतील तर बायपास सोडून गावात वळावं लागतं, तेवढा तासभर जास्तीचा धरा.